दोरी आधी, पाकीट नंतर

गेली अनेक वर्षे मी गोव्यातल्या फोंडा आणि डिचोली तालुक्यांतील सार्वजनिक गणेशोत्सवांत व शाळांत जादूचे प्रयोग करत आलो आहे. त्यातला बराच काळ मी एक नियम कटाक्षाने पाळला: दोरी, रुमाल आणि पत्त्यांचा कार्यक्रम वेगळा, मेंटॅलिझमचा, म्हणजे मनातले ओळखून दाखवण्याच्या जादूचा, वेगळा. हा नियम या कलेतल्या जाणत्यांनी घालून दिलेला आहे आणि त्यामागचा विचार पक्का आहे. कापलेली दोरी जोडून दाखवली की प्रेक्षकाची नजर आपल्या हातांवर खिळते. मग त्याच हातांनी दहा मिनिटांनी त्याच्या मनातले नाव ओळखले, तरी त्याच्यापाशी उत्तर तयार असते, हातचलाखी. याउलट साधा सदरा घालून, एक पाकीट आणि एक पेन्सिल घेऊन मोकळ्या रंगमंचावर उभे राहिले, तर मंडपात अशी शांतता पसरते की पंख्याची घरघर ऐकू यावी. त्या शांततेची मला फार ओढ होती.

एका चतुर्थीला मी निव्वळ मेंटॅलिझमचा कार्यक्रम केला. एका तरुणाने आपल्या दिवंगत आजोबांचे नाव चिठ्ठीवर लिहिले, तिची चौघडी करून ती पाकिटात घातली आणि मी ते नाव एकेक अक्षर करत सांगितले. टाळ्या भरपूर पडल्या. सामान आवरताना मागच्या दाराशी एक म्हातारी थांबलेली दिसली. तिने पदराची गाठ सोडून वीस रुपयांची नोट पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, माझा गोफ गेलाय. सुनेवर आळ आलाय. कोणी नेला तेवढं सांग." "आजी, मला काही कळत नाही, ही नुसती जादू आहे," असे मी परोपरीने सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, मान हलवली, आणि पैसे कमी पडले असे समजून दुसरी गाठ सोडू लागली.

आपल्याकडे देवाला कौल लावतात, अडल्यानडल्याला घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जातात. चोरीचा किंवा आजारपणाचा प्रश्न कोणाच्या तरी दारी नेण्याची वाट मळलेली आहे. त्या श्रद्धेविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. पण त्या रात्री मी सहज बोलून गेलेल्या एका नावाने कोणाचा तरी संसार मोडला असता, एवढे मला लख्ख कळले.

१९४९ मध्ये सिडनी आणि लेस्ली पिडिंग्टन हे ऑस्ट्रेलियन दांपत्य बीबीसी रेडिओवर परस्परांचे विचार ओळखण्याचे प्रयोग करत असे, आणि हे खरे की खोटे ते श्रोत्यांनीच ठरवावे असे सांगत असे. रंगत वाढवायला ही तऱ्हा उत्तम आहे. मात्र ज्या घरात सुनेवर आळ आलेला आहे, तिथे हा निवाडा श्रोत्यांवर सोडता येत नाही.

नुसत्या शब्दांनी खुलासा केला तर भागेल का? पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना स्पष्ट सांगितले होते की निद्रा आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्यात नसते, ती निद्रित होणाऱ्याच्याच मनात असते. पुतळ्यात मात्र त्यांचे दोन्ही हात एका कोसळत्या स्त्रीवर पसरलेले आहेत, जणू बोटांतूनच काही वाहते आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षात राहतात ते हात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे सांगितलेली गोष्ट टिकत नाही, म्हणून खुलासाही डोळ्यांनाच दिसला पाहिजे.

म्हणून आता मी सुरुवात दोरीने करतो. प्रेक्षकांतल्याच कोणाच्या तरी हाती कात्री देतो, दोरी कापवून घेतो, जोडून दाखवतो आणि त्यानंतरच पाकीट काढतो. दिवंगतांची नावे लिहून घेणे मी कायमचे बंद केले आहे. सगळे एकत्र कालवावे असे माझे म्हणणे नाही. चकचकीत पेट्या आणि कबुतरे यांच्या शेजारी चिठ्ठी शोभत नाही, हे जाणत्यांचे म्हणणे मला आजही पटते. पूर्वीची ती गाढ शांतताही आता मिळत नाही, आणि तिची उणीव मला प्रत्येक प्रयोगात जाणवते.

गेल्या चतुर्थीला डिचोलीत नाव सांगून झाल्यावर सातवी-आठवीतला एक मुलगा न बोलावता रंगमंचावर आला. त्याने पाकीट उलटेपालटे केले, ट्यूबलाइटसमोर धरून पाहिले, मग माझी बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि आत डोकावू लागला.