ती खुर्ची

“मोदी बसले होते ती खुर्ची आहे का हो अजून तिथे?”

आमच्या बाबांनी आज ट्रॅव्हलवाल्याच्या काउंटरवरच्या मुलीला हे अगदी गंभीरपणे विचारलं. लक्षद्वीपची चौकशी चालली होती. ती बिचारी परमिट, कोचीहून जाणारी जहाजं, अगत्तीची एवढीशी धावपट्टी सगळं समजावत होती. बाबांचं लक्ष खुर्चीत.

मग पिशवीतून वही निघाली. मागच्या पानावर मोदी जिथे जिथे गेले त्या जागांची यादी. केदारनाथची गुहा, मे २०१९. पार्वती कुंड, ऑक्टोबर २०२३. लक्षद्वीप, जानेवारी २०२४. कन्याकुमारी, मे २०२४. आखून, तारखांसकट. या माणसाला पोहता येत नाही आणि अलिबागच्या बोटीतही मळमळतं, हा भाग वेगळा.

मला हसू आलं, पण आवरलं. कारण मीही उत्तराखंडातल्या कौसानीला गेले होते ते १९२९ मध्ये गांधीजी तिथे राहिले होते म्हणूनच. अनासक्ती आश्रमाच्या अंगणातून हिमशिखरं बघत तासभर बसले होते. ते इथंच बसले असतील का, हाच विचार डोक्यात. म्हणजे खुर्ची मीही शोधतच होते की!

वही मिटताना यादीच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ‘हंपी’. अक्षर आईचं. तारीख नाही.

“हे काय?” मी विचारलं.

“ती म्हणत असते अधूनमधून,” बाबा म्हणाले आणि परमिटच्या फॉर्मकडे वळले.

घरी येऊन आईला विचारलं, हंपीच का गं? म्हणाली, “शाळेच्या पुस्तकात दगडी रथाचं चित्र होतं.”

तुमच्या घरच्या यादीत तळाशी काय आहे?