गावाचं स्पेलिंग

दुपारी तीनची वेळ. खडे बाजारात ऊन असं पडलेलं, की कुत्रंसुद्धा दुकानाच्या पायरीखालून हलत नाही. झेरॉक्सच्या काउंटरवर उताऱ्यासाठी चार-पाच माणसं खोळंबलेली, आणि आतला पोरगा पडद्यापुढं गालाला हात लावून बसलेला. "घेईनाच झालंय की अण्णा." कॉम्प्युटरचा पासवर्ड कधीचा विसरलेला, आणि आता नवा घ्यायचा तर पडद्यावर तीन प्रश्न. पहिलाच असा: तुमचा जन्म कोणत्या शहरात झाला? मागून एक आजोबा वैतागून म्हणतात, "घाल की बेळगाव. त्यात काय इचारायचं?"

त्यात बरंच विचारायचं असतं. मुळात हे शहर इंग्रजीत लिहायचं कसं? जुनी माणसं शेवटी 'एयूएम' लावतात, तोंडाने मात्र बेळगावच म्हणतात. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं. स्टेशनवर पाटी नव्या नावाची, तिकिटावरचा कोड अजून बीजीएमच. नवी पोरं मोबाइलच्या सवयीने 'जीएव्ही'वर थांबतात. हे प्रश्न विंडोज १०मध्ये २०१८च्या अपडेटने आले, म्हणजे नाव बदलल्यावर साडेतीन वर्षांनी. त्या दिवशी कॉम्प्युटर बसवणाऱ्याच्या बोटात कुठलं गाव होतं, ते तोच जाणे. मशीनला इतिहास कळत नाही आणि सीमाप्रश्न तर नाहीच नाही, त्याला अक्षराला अक्षर लागतं. म्हणून तिन्ही-चारही स्पेलिंगं आधी कागदावर लिहून काढावीत आणि एकेक करून घालून बघावीत. डोक्यातल्या डोक्यात करायला गेलं की तेच तेच पुन्हा घातलं जातं.

बाकीचे प्रश्नही कुणा परक्याने काढल्यासारखेच. निवडायला सहा दिलेत. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव: म्हशीचं चालतं काय? आईवडील भेटले ते शहर: इथल्या निम्म्या जणांचे आईवडील चंदगड नाहीतर खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात, मामाच्या सोप्यावर, पोह्यांच्या बश्या मध्ये ठेवून एकमेकांना पहिल्यांदा दिसले. त्याला शहर म्हणावं तर गावकरीच हसतील. सगळ्यात मोठ्या कझिनचं नाव: चुलत, आते, मामे की मावस? लहानपणीचं टोपणनाव तेवढं एक सरळ, पण ते अख्ख्या गल्लीला माहीत. गल्लीला माहीत असलेल्या उत्तराने आपण दाराला कडी घालतो, हे मला कधीच पटलेलं नाही. उत्तर खरंच असलं पाहिजे अशी अट मुळात कुठंच नाही. जन्मगावाच्या रकान्यात 'लवंगीमिरची' लिहिलं तरी ते मुकाट घेतं, आपल्याला आठवलं म्हणजे झालं.

तरी प्रश्नांपर्यंत जायच्या आधी की-बोर्डकडे बघावं. विसरला म्हणून सांगितलेला पासवर्ड कित्येकदा विसरलेला नसतो, बोटं बरोबर पडत असतात आणि लिपी चुकलेली असते. सीमाभागातल्या मशीनवर इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन की-बोर्ड सर्रास बसवलेले. आदल्या दिवशी कन्नडमध्ये अर्ज टाइप केला, मशीन तसंच बंद झालं, की सकाळी लॉगिनच्या पडद्यावरही कन्नडच उभं असू शकतं. टाइप करताना दिसतात नुसते ठिपके, आणि ठिपक्यांना लिपी नसते. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, तिथं इंग्रजी करून घ्यावं आणि रकान्याच्या टोकाचा डोळा दाबून काय उमटतंय ते बघावं. इंग्रजीतही दोन तऱ्हा आहेत. ब्रिटिश की-बोर्ड निवडला गेला असेल तर शिफ्ट धरून २ दाबल्यावर 'ॲट'च्या जागी अवतरणचिन्ह पडतं, आणि इथले निम्मे पासवर्ड म्हणजे घरातल्या पोराचं नाव, ॲट आणि १२३. बाजूच्या आकड्यांनी टाइप करत असाल तर नम लॉकचा दिवा बघा. जुन्या लॅपटॉपवर उलटी गंमत: नम लॉक चालू राहिला तर यू, आय, ओ या कळांमधून ४, ५, ६ बाहेर पडतात.

की-बोर्डचा विषय निघालाच आहे म्हणून इन्स्क्रिप्टचं, म्हणजे भारतीय लिप्यांच्या सरकारी की-बोर्ड मांडणीचं, एक सांगतो. १९८६ साली ही मांडणी ठरली तेव्हा भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच जागी ठेवली गेली. म्हणजे मराठीचा क जिथं, कन्नडचा क तिथंच. प, र, त यांचंही तसंच. रस्त्यावर पाटी कुठल्या लिपीत लावायची यावरून डोकी फुटतात, आणि इथं दोन्ही क एकाच कळीवर मुकाट नांदताहेत. कर्नाटकातले बरेच लोक नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या मांडणीने टाइप करतात ही गोष्ट निराळी.

तर बघून-सवरून घालावं, भराभरा घालू नये. २०२२च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज ११मध्ये दहा वेळा चुकलं की खातं दहा मिनिटं बंद होतं. त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि हाच तो क्षण जेव्हा खरा पासवर्ड आठवतो, घातला जातो, नाकारला जातो आणि चुकीचा समजून कायमचा सोडून दिला जातो. अशा वेळी समोरून कटिंग मागवावा. पिनचं वेगळंच. तो चुकत गेला की मशीन 'ए१बी२सी३' टाइप करायला सांगतं. तुम्ही शुद्धीवर आहात ना, एवढंच त्याला बघायचं असतं. पण पुष्कळ जण तोच आपला पिन आहे असं समजून डायरीत लिहून ठेवतात.

पुढचा प्रश्न, खातं मायक्रोसॉफ्टचं की मशीनपुरतं? नावाखाली ईमेल दिसत असेल तर पासवर्ड मोबाइलवरून, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बदलायचा, मशीन नेटला जोडायचं आणि नवा पासवर्ड घालायचा. इथं जुन्या डेस्कटॉपवर हमखास घात होतो तो सीआर २०३२च्या सेलमुळे. मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल मेला की लाइट जाऊन आल्यावर तारीख काही वर्षं मागे पडते, साइटची प्रमाणपत्रं मशीनला खोटी वाटायला लागतात, आणि नवा पासवर्ड तपासायला मशीन बाहेर जाऊच शकत नाही. मोबाइलवर चालणारा पासवर्ड इथं चालत नाही म्हणून माणूस कपाळ बडवतो. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख दुरुस्त करावी, सेल बदलावा.

मशीनपुरतं खातं असेल आणि प्रश्नांची उत्तरंही हुकली, तर त्याच मशीनवर दुसरा ॲडमिन, म्हणजे सगळे हक्क असलेलं दुसरं खातं, आहे का ते बघायचं. असला तर अर्ध्या मिनिटाचं काम. त्याच्या खात्यातून ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडायचा आणि त्यात टाइप करायचं: 'नेट यूजर', मग खात्याचं नाव, मग एक तारा (*). नवा पासवर्ड दोनदा विचारला जातो आणि टाइप करताना काहीच दिसत नाही. ते अडकलेलं नसतं. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणात घालावं. नाव नक्की काय आहे ते नुसतं 'नेट यूजर' मारून आधी बघावं, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली असेल तर विंडोज ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन नाव पाडतं. त्यात महादेवचा महाड होतो आणि प्रतिभाची नुसती प्रति उरते.

मात्र असा बाहेरून पासवर्ड बसवणं आणि जुना घालून नवा घेणं यांत फरक आहे. बाहेरून बसवला तर त्या खात्याने विंडोजच्या सोयीने एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेल्या फायली उघडत नाहीत, साठवलेले पासवर्डही जातात. मशीन तसा इशारा देतं आणि तो कुणी वाचत नाही. "आधीचा कुठला होता तेवढं काढून द्या," असं दुकानात मागणारे असतात. निघत नाही. मशीनने पासवर्ड ठेवलेलाच नसतो, त्याचा गूळ करून ठेवलेला असतो. नवीन ऊस आणला की तसाच गूळ होतो का, एवढंच ते पाहतं. ढेपेवरून ऊस उभा करायला निपाणी-संकेश्वरचं गुऱ्हाळसुद्धा शिकलेलं नाही.

एक किरकोळ पण फार छळणारा प्रकार: लॉगिन होतं, पण काही बसवायला गेलं की परवानगीच्या चौकटीत 'होय'चं बटण दाबलंच जात नाही. कुणीतरी हौसेने एकमेव ॲडमिनला साधं खातं करून टाकलेलं असतं. विंडोज विस्टापासून 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं मूळचं ॲडमिन खातं बंद करूनच दिलं जातं, पण मशीनवर दुसरा एकही चालू ॲडमिन उरला नसेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या सुरू केलेल्या साध्या विंडोजमध्ये, ते आपणहून दार उघडतं. शिफ्ट धरून रिस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. आत जाऊन आपलं खातं परत ॲडमिन करायचं, बाहेर यायचं. जुन्या विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीत तर हाच ॲडमिनिस्ट्रेटर सेफ मोडमध्ये बिनपासवर्डाचा बसलेला असे, आणि कॅफेतल्या दर तिसऱ्या पोराला ते ठाऊक असे.

नव्या लॅपटॉपवर मात्र या वाटेवर एक नवा पहारेकरी उभा असतो. बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. तो ४८ अंक मागतो, सहा-सहाचे आठ गट. ते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेले असतात, नाहीतर कुणीतरी कागदावर छापून ठेवलेले. कुठंच सापडले नाहीत तर डेटा गेला, आणि "करतो की" म्हणून पैसे घेणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्या आकड्यांत एक गोड गोष्ट आहे: प्रत्येक गटाला ११ने भाग जातो. मराठी शाळेत पाटी मांडीवर घेऊन केलेली कसोटी आठवा. एक सोडून एक अंकांची बेरीज, उरलेल्यांची बेरीज, वजाबाकी शून्य किंवा ११च्या पटीत आली की जमलं. चुकलं की गुरुजींची पट्टी, तीही उभी. १३५७९५ घ्या. १, ५, ९ मिळून पंधरा. ३, ७, ५ मिळूनही पंधरा. फोनवर कुणी वाचून दाखवताना सातचा एक झाला की दुसरी बेरीज नऊ येते आणि चूक त्याच गटात पकडली जाते. पिढ्यान्‌पिढ्या पोरं "याचा पुढं उपयोग काय?" म्हणत आली. हा घ्या.

या सगळ्यातून वाचायचा मार्ग आधीपासून विंडोजमध्येच आहे. मशीनपुरतं खातं असेल तर पेनड्राइव्ह लावायचा, कंट्रोल पॅनेलमध्ये यूजर अकाउंट्सवर जायचं आणि डावीकडचं 'पासवर्ड रिसेट डिस्क' निवडायचं. पेनड्राइव्हवर 'यूजरकी' नावाची एक बारीकशी फाईल पडते. पुढं पासवर्ड कितीदा बदलला तरी तीच चालते, फक्त नवी बनवली की जुनी बाद. ज्याच्या हाती ती, त्याला दार उघडं, म्हणून पेनड्राइव्ह गल्ल्याच्या खालच्या खणात, बिलबुकांच्या मागे ठेवतात.

आणि मग गणपती तोंडावर येतात. मंडळाचा कुणीतरी घाईघाईत दुकानात शिरतो. "अण्णा, गाणी घालायला एखादा रिकामा पेनड्राइव्ह आहे काय हो?" खण उघडला जातो, पेनड्राइव्ह लावून बघितला जातो. फोटो नाही, गाणं नाही, न उघडणारी कसलीतरी एक फाईल. रिकामाच की.