बाईंची पिवळी रेषा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण पाठवा, असं समितीचं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. लिहायला पुष्कळ आहे. अंगणातली प्रार्थना, गणेशोत्सवातली नाटकं, इंदूरच्या रामबागेतून धावत येऊन घंटा गाठणं. पण कागद पुढे घेतला की बाईच समोर उभ्या राहतात. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या गणिताच्याच.

१९८९ साली मी अकरावीत होतो. पुस्तक हिंदीत, शिकवणं मराठीत. ‘संयुक्त फलन’, म्हणजे एका फलनाचं उत्तर दुसऱ्या फलनात घालणं, हा धडा आला तेव्हा बाईंनी सूत्र लिहिलंच नाही. फळ्यावर दोन अक्ष काढले आणि त्यांवर दोन आलेख. ‘जी’ हा वर वळत जाणारा वक्र, शून्यापासून चारपर्यंत. ‘एफ’ म्हणजे दोन सरळ तुकडे: उणे एकला पाच उंचीवरून उतरत तीनला एकवर येणारा, आणि तिथून चढत सहाला चारवर संपणारा. मग म्हणाल्या, “एफ ऑफ जी ऑफ दोन काढा. आतलं आधी.”

आम्ही दोनवरून वर गेलो, ‘जी’वर तीन मिळाले. इथेच अर्धा वर्ग चुकला. कुणी तीनच उत्तर लिहिलं, कुणी दोनच्याच उभ्या रेषेत ‘एफ’ची उंची वाचली आणि दोन लिहिले. बाई रागावल्या नाहीत. पिवळा खडू घेतला आणि आरंभबिंदूतून तिरपी रेषा ओढली, एक-एक, दोन-दोन, तीन-तीन या बिंदूंतून जाणारी. “हिच्यावर उंची आणि आडवं अंतर सारखं. म्हणून ‘जी’वरून आडवे चला, पिवळ्या रेषेवर टेका, आणि तिथून उभ्या रेषेत ‘एफ’वर जा.” दोनवरून वर तीनपर्यंत, आडवे पिवळ्या रेषेपर्यंत, तिथून खाली ‘एफ’वर: उत्तर एक. मधला आकडा वाचावासुद्धा लागला नाही. मग उलटा क्रम घेतला. ‘एफ’ आधी, तर दोनला दोनच येतात, आणि ‘जी’ त्या दोनचे तीन करतो. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं झाली, इतकं स्वच्छ शिकवणं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. इंजिनिअरिंगलाही नाही.

खरी आठवण मात्र सहामाहीच्या पेपरातली. तेच आलेख, आणि प्रश्न एफ ऑफ जी ऑफ चार. चारला ‘जी’ची उंची सात. ‘एफ’ सहालाच संपलेला. मी पट्टी लावली, पेन्सिलीने रेषा सातपर्यंत नेली आणि उत्तर लिहिलं पाच. बाईंनी शून्य गुण दिले.

मी वर्ग सुटल्यावर भांडायला गेलो. “बाई, रेषा सरळच आहे ना? सातला पाचच येणार.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सहाच्या पुढे ती सरळ जाते, हे तू पाहिलंस, की तुला वाटलं?”

मी गप्प.

“मग ‘सांगता येत नाही’ असं लिही. हेही उत्तर आहे, बाळा. पूर्ण गुणांचं.”

आणि मग, घरी जायची घाई असताना, त्यांनी मला शेजारी बसवलं. गुण गेला याचं दुःख त्यांना दिसलं असावं. “आता हे जोडकाम कुठपर्यंत चालतं ते तूच शोध,” म्हणाल्या. ‘एफ’ सहापर्यंत आहे, तर ‘जी’ची उंची सहाच्या वर जाता कामा नये. मी सहाच्या उंचीवरून आडवा गेलो, ‘जी’ला गाठलं, खाली उतरलो. साडेतीनच्या जरा पुढे, ३.६ च्या आसपास. तिथपर्यंत सगळं ठीक. त्यापुढे ‘जी’ आहे, पण ‘एफ’ नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “आता जमलं.” तो गुण त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

पुढे जी. एस. आय. टी. एस. या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल करून नद्यांच्या कामात पडलो. नदीचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, सतत मोजत बसता येत नाही. काठावरच्या गेजवर, म्हणजे खुणांच्या पट्टीवर, पाण्याची पातळी वाचायची, आणि आधी पाण्याचा वेग मोजणाऱ्या करंट मीटरने घेतलेल्या मापांवरून बनवलेल्या रेटिंग कर्व्हवर त्या पातळीचा विसर्ग शोधायचा. वेळेवरून पातळी, पातळीवरून विसर्ग: बाईंचे ‘जी’ आणि ‘एफ’च. एका पुरात पातळी आमच्या सर्वांत वरच्या मापाच्याही वर गेली. हाताखालच्या हुशार मुलाने कॉम्प्युटरवर वक्र पुढे नेऊन दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा आणला. पण पाणी काठ ओलांडून शेतांत पसरलं की पात्राचा आकारच बदलतो, जुना वक्र तिथे लागू पडेलच असं नाही. मी त्याला विचारलं, “पाहिलंस, की वाटलं?” तो माझ्याकडे बघत राहिला. मग अहवालात त्या आकड्यापुढे ‘मापाबाहेरचा अंदाज’ असं लिहिलं आणि प्रत्यक्ष मोजायला माणसं पाठवली.

हल्ली खजुरी बाजारात आलेखवही मागितली तर दुकानदार आतून शोधून आणतो. मुलं मोबाइलवर आलेख काढतात. बोट फिरवलं की रेषा हवी तेवढी लांबते. सोय मोठी आहे. पण पट्टी धरून आडवं चालत जाण्यात जो वेळ जायचा, त्या वेळातच समजायचं, असं माझं ठाम मत आहे. बाई नाहीत आता. असत्या तर त्यांनाच विचारलं असतं.

समितीने प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत. माझी सहामाहीची ती उत्तरपत्रिका सोबत पाठवतो आहे. एकच विनंती, ती लॅमिनेट करू नये. सहापासून सातपर्यंतची पेन्सिलीची रेघ मी त्या संध्याकाळी खोडली होती, तिचा वळ कागदावर अजून आहे. कागद उजेडात जरा तिरका धरला तरच तो दिसतो.