१३एस४पी त्रिकोणी पॅक: तांबं अखेर बसलं, तेही नापास पट्टीच्या जोरावर

मंडळी, तांबं बसलं! ई-सायकलच्या बॅटरी पॅकमधले सेल तांब्याच्या पत्र्याने स्पॉट वेल्ड करून जोडताना कोपऱ्यांपाशी गाडं अडलंय, असं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं, ते सुटलं. काल टेस्ट सेलवरची पट्टी पक्कडीत धरून गुंडाळत ओढली, तर वरचा पत्रा फाटला, तांब्याला भोकं पडली आणि मोहरीएवढे दोन दाणे सेलच्या बुडाला तसेच घट्ट राहिले. पुढच्या सेलवर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. किती दिवस हे बघायची वाट पाहत होतो!

पॅक तोच आहे: सॅमसंग ३५ई सेल, १३एस४पी (चार-चार समांतर सेलचे तेरा ग्रुप, एकापुढे एक जोडलेले), मोटर चालवणारा २५ अँपिअरचा कंट्रोलर, फ्रेमच्या त्रिकोणात बसणारा. सरळ विटेसारखा पॅक असता तर तांब्याच्या नादाला लागलोच नसतो. त्यात एका ग्रुपचे चारही सेल पुढच्या ग्रुपच्या चार सेलसमोर येतात, म्हणजे प्रत्येक दुव्यातून जेमतेम सव्वासहा अँपिअर जातात. तेवढं ०.१५ × ८ मिमीची शुद्ध निकेल पट्टी निभावून नेते. त्रिकोणात मात्र वळणावर ग्रुप वाकतो आणि पुढच्या ग्रुपला एकच सेल टेकतो. सगळे २५ अँपिअर त्या एका दुव्यातून.

हिशोब करून बघा. दोन सेलमधलं अंतर साधारण २० मिमी. तेवढ्या निकेल पट्टीचा रोध १.१६ मिलिओहमच्या आसपास येतो, म्हणजे २५ अँपिअरला सुमारे ०.७ वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण ही उष्णता नखाएवढ्या पट्टीत तयार होते आणि ती पट्टी थेट सेलला चिकटलेली असते. सिंहगडासारख्या चढावर करंट मिनिटामिनिटाला खाली येत नाही, एकसारखा वाहत राहतो. माझ्या जुन्या पॅकमध्ये कोपऱ्यातले सेल बाकीच्यांपेक्षा गरम लागायचे ते यामुळेच. निकेलचा दुसरा थर दिला तर रोध निम्मा होतो, बस. तेच ०.१ मिमी जाडीचं २० मिमी रुंद तांबं घेतलं तर उष्णता ०.१ वॅटवर येते. सातवा हिस्सा!

आणि नुसता दुवा तांब्याचा करून भागत नाही. चार सेलचा करंट कोपऱ्यातल्या सेलकडे गोळा होत जातो: पहिल्या टप्प्यात सव्वासहा, मग साडेबारा, मग पावणेएकोणीस. त्यामुळे अख्ख्या ग्रुपवर एकसंध तांब्याचा पत्रा हवा.

पत्रा बोहरी आळीत मिळाला. घ्यायला जाणाऱ्यांनी मायक्रोमीटर खिशात ठेवा आणि मऊ पत्राच मागा. कडक पत्रा स्प्रिंगसारखा उचलला जातो, वेल्डरच्या टिपेखाली सपाट बसत नाही, आणि जिथे फट तिथे ठिणगी. मऊ पत्रा बोटाने दाबला की सेलच्या बुडाशी एकजीव होतो.

आता खरी डोकेदुखी. तांब्यावर ०.१५ची शुद्ध निकेल पट्टी ठेवून वेल्डरचा पल्स (करंटचा क्षणिक झटका) दिला की निकेल तांब्याला छान चिकटायचं, दिसायलाही वेल्ड देखणा. ओढलं की दोन्ही थर जोडीने वर! सेलचं बूड स्वच्छ, साधा डागही नाही. ज्यूल, म्हणजे पल्सची ऊर्जा, वाढवले तर निकेलला भोक पडायचं आणि तांबं तसंच कोरडं. टिपा घासून टोकदार केल्या, दाब वाढवला, वेल्डरला करंट देणारी कारची बॅटरी फुल चार्ज करून घेतली. फरक शून्य.

कारण कागदावर काढलं तेव्हा कळलं. दोन्ही टिपा वरूनच टेकतात. करंटने एका टिपेतून खाली सेलच्या डब्यात उतरून दुसऱ्या टिपेकडे वर यायला हवं. पण तांबं इतकं सुवाहक की करंट आडवाच पळतो, सेलपर्यंत उतरायची त्याला गरजच पडत नाही. त्यात जी थोडी उष्णता तयार होते तीही तांबं क्षणात पसरवून टाकतं. म्हणजे दोन गोष्टी हव्या होत्या: आडवी वाट बंद करणं आणि टिपेच्या अगदी खाली, वरच्या थरात, भरपूर उष्णता तयार होणं.

आडवी वाट बंद करणं सोपं. दोन टिपांच्या मधोमध तांब्याला आणि वरच्या पट्टीला, दोन्हींना, चीर द्यायची. कटरने स्टीलच्या फूटपट्टीच्या आधाराने ओढली की झालं. एवढ्यानेच अर्धा फरक पडला. काही वेल्ड धरू लागले, काही नाही. असा अर्धवट धरणारा वेल्ड मला न धरणाऱ्यापेक्षा जास्त नकोसा वाटतो, कारण तो पॅक बंद केल्यावर खड्ड्यात दगा देतो.

मग उष्णतेचा विचार करताना नापास मालाच्या खोक्याकडे लक्ष गेलं. मागे मिठाच्या पाण्याची टेस्ट टाकली होती आठवतंय? ‘शुद्ध निकेल’ म्हणून आलेला एक रोल ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला आणि सकाळी ओरखड्यावर तांबूस गंज. आत लोखंड, वर निकेलचा मुलामा. (चुंबकावर विसंबू नका हे पुन्हा सांगतो, शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटतं.) करंट वाहायला ती पट्टी कुचकामी, कारण तिचा रोध निकेलच्या दुपटीच्या घरात. पण इथे करंट तिच्या लांबीतून वाहायचाच नाहीये, ते काम तांब्याचं. वरच्या थराला फक्त टिपेखाली तापायचंय, आणि त्यासाठी जास्त रोध म्हणजे वरदान! शिवाय स्टील साधारण १५०० अंशांच्या आसपास वितळतं आणि तांबं १०८५ला. वरचा थर शाबूत असतानाच खालचं तांबं वितळून सेलच्या डब्याला धरतं.

तीच पट्टी कापली, चीर दिली, तांब्यावर ठेवली, पल्स. आवाजच वेगळा आला. फटाक्यासारखा कोरडा ‘फट्’ नाही, दबका ‘टक्’. पुढचं वर सांगितलंच आहे.

माझ्या केबल आणि बॅटरीवर ०.१५च्या साध्या निकेलला ५० ज्यूलच्या आसपास लागतात, तांबं आणि वर स्टील अशा या सँडविचला जवळजवळ दुप्पट. हे आकडे तसेच उचलू नका. तुमच्या केबलची लांबी, टिपांची अवस्था यांवर सगळं बदलतं. भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल घ्या आणि ओढून बघत वर चढा. ज्यूलवर चालणारा वेल्डर का घ्यावा याबद्दल इथे वाद झाला होता, माझं मत आता पक्कं आहे. माझा के-वेल्ड वेल्डर ठरवलेली ऊर्जा पोहोचेपर्यंत पल्स चालू ठेवतो. नुसत्या मिलिसेकंदांवर चालणारे स्वस्त बोर्ड बॅटरी उतरली, केबल तापली की तेवढ्याच वेळात कमी ऊर्जा देतात. साध्या निकेलला ते चालून जातं, तांब्याला नाही.

तांबं सेलला सरळ सोल्डर का करत नाहीस, असं दोघातिघांनी विचारलं होतं. पल्स काही मिलिसेकंदांत संपतो, उष्णता आत जायच्या आधी. सोल्डरिंग आयर्न सेलच्या बुडावर काही सेकंद टेकवावं लागतं आणि तेवढ्या वेळात ती आतल्या थरांपर्यंत पोहोचते. पॉझिटिव्ह बाजूला तर टोपीभोवतीचं प्लॅस्टिकचं सील लगेच जवळ. सेलवर थेट सोल्डर मी करणार नाही आणि कुणी करू नये.

सँडविचच्या दोन अडचणी राहतात. एक, पॉझिटिव्ह टोपीभोवतीची कड. तिथे डब्याचा निगेटिव्ह काठ फक्त पातळ आवरणाखाली असतो आणि तांब्याच्या कापलेल्या कडा धारदार. फिश पेपरच्या (जाड इन्सुलेटिंग कागदाच्या) रिंगा सगळ्या सेलना आहेतच, तरी कोपऱ्यांवर त्यांच्याखाली कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचा) एक थर वाढवतोय. पत्र्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मारून घेतल्या. आणि काम करताना अंगठी, घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर गॉगल हवाच. ग्रुप जोडला गेला की पट्टीचा एक तुकडा पडायचा अवकाश, थेट शॉर्ट.

दुसरी अडचण गंज. पट्टीच्या कापलेल्या कडा आणि वेल्डची जागा, दोन्हीकडे लोखंड उघडं पडतं, आणि तांब्याला लागून ओल मिळाली की ते आणखी जोरात गंजतं. पुण्याच्या पावसात कमी, पण रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींनी हे हलक्यात घेऊ नये. मी कडांवर आणि वेल्डवर लॅकर लावणार आहे. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल क्युअर बघून घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिटिक असतं आणि तांबं खातं.

आधीचा बेत होता की जमलं तर सगळ्या पॅकला तांबं लावायचं. तो आता सोडला. गंजाची जोखीम सरळ दुव्यांवर घ्यायचं कारणच नाही, तिथे शुद्ध निकेल पुरेसं आहे. तांबं फक्त वळणांवर आणि मेन टर्मिनलवर.

आणि हे लिहिता लिहिता मेन टर्मिनलबद्दल वेगळंच सुचलं. तिथे सेलवर तांबं वेल्ड करायचंच कशाला? जाड तांब्याची पट्टी घ्यायची, तिला शुद्ध निकेलच्या चार छोट्या जिभा बाकावरच सोल्डर करायच्या, मेन वायरही तिथेच सोल्डर करायची, आणि सगळं गार झाल्यावर जिभा सेलवर स्पॉट वेल्ड करायच्या. सेलजवळ सोल्डरिंगची उष्णता येतच नाही, प्रत्येक जिभेतून फक्त सव्वासहा अँपिअर जातात तेही काही मिलिमीटर, आणि लोखंडही नाही. वळणांवरही हेच करता येईल का? दोन ग्रुपवर पसरलेला जाड तांब्याचा तुकडा, त्याला आठ जिभा... जागा बसते का ते बघायला हवं. आतल्या वळणावर सेल होल्डरची भिंत आडवी येते, तिथे बहुतेक सँडविचच राहील. बाहेरच्या वळणांवर जिभा जमतील असं वाटतंय.

बीएमएसच्या (पॅकचं संरक्षण करणाऱ्या बोर्डच्या) प्रत्येक ग्रुपला जाणाऱ्या बॅलन्स वायरही याच पद्धतीने: आधी निकेलच्या तुकड्याला सोल्डर, मग तुकडा ग्रुपवर वेल्ड.

या आठवड्यात जिभांचा एक नमुना करतो, त्यातून २५ अँपिअर सलग सोडून तापमान बघतो आणि आकडे इथे टाकतो. कुणी ०.२ मिमी तांब्यावर स्टीलचा वरचा थर वापरून पाहिला असेल तर किती ज्यूल लागले आणि टिपा किती टिकल्या ते जरूर लिहा. माझ्या टिपा सँडविचवर लवकर पसरट होतात, दर काही वेल्डनंतर कानस मारावी लागते.