मुंबई ते डेन्व्हर: बावीस तासांचे सत्तावीस कसे झाले

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण 12,500 किलोमीटर, तिथून डेन्व्हर आणखी 2,600. तिकीट काढून देणारा म्हणाला, "काकू, बावीस तासांत लेकीकडे पोहोचाल. मध्ये पावणेदोन तास आहेत, भरपूर झाले. बॅग थेट डेन्व्हरला जाईल." त्या शेवटच्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

रात्री 1.40 ला निघून सोळा तासांनी उतरले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशीचे सकाळचे 8.10 वाजले होते. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापलेली असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

इमिग्रेशनच्या रांगेत पन्नास मिनिटं गेली. कुणाकडे उतरणार, किती दिवस राहणार, बोटांचे ठसे, झालं. (लेकीचा पत्ता कागदावर लिहून हातात ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.) पुढचं विमान 9.55 चं, म्हणून पर्स घेऊन तडक बाहेरच्या दाराकडे निघाले. दारावरच्या माणसाने विचारलं, "बॅग?" मी बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची पावती दाखवली. तिच्यावर स्वच्छ छापलं होतं डी-ई-एन, म्हणजे डेन्व्हर. तो शांतपणे म्हणाला, "अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता, तिथे बॅग स्वतः घ्यायची, कस्टममधून न्यायची आणि मग पुन्हा द्यायची."

म्हणजे टॅगवर डेन्व्हर असूनही बॅग न्यूयॉर्कला मलाच उचलायची होती! परत आत गेले तर पट्टा थांबलेला. उरलेल्या बॅगा उतरवून भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या. माझ्या बॅगेला खुणेची लाल रिबीन होती, आणि त्या ओळीत लाल रिबिनी किती असाव्यात? एकेक टॅग उलटून नाव वाचत गेले. छातीत धडधडत होतं. बॅग सापडली तेव्हा साडेनऊ झाले होते. कस्टमच्या बाहेर लगेचच बॅग परत द्यायचा पट्टा आहे, तिथे दोन मिनिटांत काम झालं. पण पुढे सुरक्षा तपासणी पुन्हा नव्याने, पाण्याची बाटलीही रिकामी करायला लावली. गेटवर पोहोचले 9.50 ला. दार बंद झालं होतं.

पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर होता म्हणून निभावलं. काउंटरवरच्या मुलीने एक पैसा न घेता दुपारी 2.30 च्या विमानात जागा दिली, तेव्हा कुठे खुर्चीत बसून लेकीला मेसेज केला. दोन वेगळी तिकिटं असती तर दुसरं नव्याने काढावं लागलं असतं. स्वस्त पडतं म्हणून तुकड्यातुकड्याने तिकीट काढू नका, आणि अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर मध्ये किमान तीन तास मागून घ्या. एजंट कितीही म्हणू दे, "भरपूर झाले."

डेन्व्हर न्यूयॉर्कच्याही दोन तास मागे. संध्याकाळी पाचला उतरले तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेचार वाजले होते.

येताना वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून मुंबई चौदा तासांत आली. डेन्व्हरला दिलेली बॅगही तेव्हा मध्ये कुठे उचलावी लागली नाही, थेट मुंबईच्या पट्ट्यावर दिसली. रिबीन मी बदलली होती, हिरवी बांधली होती.