मुकी होत न्हाई

"म्हणजे हे भाड्यानं घेतलंय व्हय?"

मिरजेहून भजनी मंडळाचे काका रेकॉर्डिंगला आले होते. नेमका तेव्हाच स्क्रीनवर चौकोन आला: रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्लॅनची मुदत संपली. नवा दर वाढलेला.

मी सांगितलं, पैसे भरले नाहीत तरी गाणं उघडतं, फक्त त्या प्लगइनचा, म्हणजे वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरचा, आवाज वाजत नाही.

काकांनी पेटीचा भाता हलवून बघितला. "ही वडलांनी घेतलेली. सूर उतरला की कारागिराकडं नेतो, चार पैसे देतो. पण न्हाई नेली म्हणून मुकी होत न्हाई."

सगळेच तसे नाहीत म्हणा. एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर एकदा घेतलं की पुढचे अपडेट फुकट. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा सवलतीचा परवाना 60 डॉलरचा. 2023 मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्हज कंपनीनं कायमचे परवाने विकणं बंद केलं, तेव्हा एवढी ओरड झाली की काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला.

आमच्याकडं गणपतीच्या आधी जेवायला फुरसत नसते, नंतर पौषात माशी फिरकत नाही. हप्ता मात्र बाराही महिने.

सांगली-मिरजेतले रेकॉर्डिंगवाले, तुम्ही काय करता? एकदाच घेता की हप्ता भरता?