बाळ पाहायला कोणी येणार म्हटलं की...

माणसांत बसवत नाही म्हणून डॉक्टरांकडे जायचं, आणि तिथे नंबर लागेपर्यंत खच्चून भरलेल्या खोलीत बसायचं! या प्रकाराचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहायला घेतलं.

मुलगी जानेवारी 2021 ची. मार्चमध्ये जळगावात जनता कर्फ्यू, एप्रिलपासून राज्यभर कडक निर्बंध. बारसं घरच्या घरी उरकलं, नणंदेने फोनवरूनच ‘कुर्रर’ केलं. लशी वेळच्या वेळी झाल्या. खरं तर त्या दिवसांत मी बरी होते, कारण दार वाजतच नव्हतं. जूनमध्ये निर्बंध सैल झाले आणि राहिलेले सगळे पाहुणे एकदम निघाले. अमळनेरहून, पारोळ्याहून, चोपड्याहून. ‘बाळ पाहायला येतो’ असा फोन आला की आदल्या रात्रीपासून माझी झोप उडायची. फाटकाशी मोटरसायकल थांबली की छातीत धडधड, तळहात ओले. पाहुणे मास्क हनुवटीवर ओढून चहा पीत आणि मी मनात नोंद ठेवी : कोण खोकलं, कोणी गालाला हात लावला. ते गेले की चौदा दिवस मोजायचे. मोजून व्हायच्या आत दुसरे हजर. चुलतसासूबाई तर दारातच म्हणाल्या, ‘‘आते कोठे शे कोरोना?’’ आणि लेक माझ्या हातातून घेऊन मोकळ्या.

नवऱ्याने एका नावाजलेल्या दवाखान्यात नंबर लावला. वेळ साडेदहाची. तिथे गेल्यावर कळलं की साडेदहा सगळ्यांनाच सांगितलेले असतात. खिडक्या बंद, पंखा एकच, बाकांवर मांडीला मांडी. ‘सुरक्षित अंतर ठेवा’ असा कागद भिंतीवर डकवलेला आणि त्या कागदाला टेकूनच माणसं उभी. शेजारच्या बाईंनी चौकशी सुरू केली. मुलगी का? अंगावर पिते का? काजळ का नाही लावत? मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले, तर कंपाउंडर मागे आला, ‘‘मॅडम, इथे थांबलात तर नंबर जाईल.’’

केसपेपर काढताना काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘तक्रार काय?’’ माणसांची भीती वाटते हे त्याच माणसांसमोर कसं सांगणार? ‘झोप लागत नाही’ म्हटलं. त्याने तेच लिहिलं, आत डॉक्टरांनी तेच वाचलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून म्हणाले, ‘‘पहिलटकरीण ना? होतं असं. टेन्शन घेऊ नका, बातम्या बघू नका.’’ ताकदीच्या गोळ्या, महिन्याने दाखवा. टेन्शन काय मी हौसेने घेत होते? घरी तर त्याहून वाईट झालं. ‘डॉक्टरच म्हणाले ना, काही नाही म्हणून’ हे वाक्य सगळ्यांच्या हाती लागलं. त्यानंतर बरेच दिवस मी कोणाला काही बोललेच नाही.

म्हणून सांगते, जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. त्यात एक गोष्ट नक्की लिहा : बाळ झोपू देत नाही म्हणून जागता, की बाळ गाढ झोपलेलं असतानाही तुमचा डोळा लागत नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बाळंतपणानंतरचं रडू, हळवेपणा बहुतेकींचा दोनेक आठवड्यांत ओसरतो. माझी मुलगी रांगायला लागली तरी माझं तेच चाललं होतं.

नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस द्यायला गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरने माझा चेहरा पाहून एका समुपदेशक ताईंचा नंबर दिला. फोनवर बोलायचं, बाकावर बसायचं नाही, इथेच अर्धं काम झालं. त्यांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपायच्या एडिनबर्ग प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढ्यापुरतेच. त्यावरून आजार ठरत नाही, पण पुढे बघायला हवं का ते कळतं. मग एकेक पायरी ठरली. आधी फक्त ओट्यावर, एकच पाहुणा. मग मैत्रिणीबरोबर सकाळी मेहरूण तलावावर फेरी. धडधड सुरू झाली की लगेच पळायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. उतरते. मला पटलं नव्हतं, पण उतरते.

हात धुवा, पापा घेऊ नका, हे नियम सुनेने सांगितले की शिष्टपणा ठरतो. आमच्याकडे ते काम सासऱ्यांनी घेतलं. नाना फाटकातच बादली आणि साबण घेऊन उभे. त्यांच्यापुढे चुलतसासूबाईही गप्प हात धुवायच्या. मास्क आपण लावायचा, दोन वर्षांखालच्या बाळाला नाही, त्याचा श्वास अडू शकतो. आणि हो, स्तनदा मातांना कोरोनाची लस घ्यायला केंद्राने 19 मे 2021 ला परवानगी दिली. मी जूनमध्येच घेतली, दूध बंद करावं लागलं नाही. आता 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा, फोन फुकट आहे, तेव्हा तो नव्हता.

डिसेंबरात शेतावर भरीत पार्टी होती. काट्याकुट्यांवर वांगी भाजत होती, बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, ठेचा पडत होता, पंचवीसेक माणसं. लेक ओढणीने छातीशी बांधून मी सगळ्यांत बसले. ओढणीचा फायदा असा की कोणी सहज उचलून नेत नाही. पुरी संपेपर्यंत थांबले, अजून थांबा म्हणत होते तरी निघाले. अशा ठिकाणी आपल्याच गाडीने जावं, निघायला दुसऱ्याचं जेवण संपायची वाट पाहावी लागत नाही.